ऑक्टोबरची सहल जरूर करा, पण कार्डावर नको

प्रश्न: आम्ही दोघं कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या मिसिसॉगाला राहतो. ऑक्टोबरमध्ये आठ दिवस किंग्स्टन, ऑटवा, मॉन्ट्रियल, क्यूबेक सिटी अशी गाडीने सहल करायची आहे. पहिल्या तीन शहरांत कॉलेजचे मित्र आहेत. किंग्स्टनला मात्र हॉटेल घ्यावं लागेल. भाड्याच्या एसयूव्हीसकट 3,600 डॉलर लागतील. टीएफएसएमध्ये (करमुक्त बचत खात्यात) अडीच टक्के व्याजाने 9,000 डॉलर आहेत. क्रेडिट कार्डाची बाकी 3,200, व्याज 20.99 टक्के, दरमहा 600 भरतो. घरखर्च 4,500. स्वतःची गाडी 2015 ची कोरोला. पैसे टीएफएसएतून काढू, आरआरएसपीतून (निवृत्तीच्या बचत खात्यातून), की कार्डावर टाकू?

उत्तर: जरूर जा. जुने मित्र ओळीने तीन शहरांत भेटणार असतील तर सहल रद्द करा असं मी सांगणार नाही. पण आधी कार्डाकडे बघू. ती बाकी तशीच राहिली तर वर्षाला साधारण 670 डॉलर व्याज जातं, महिन्याला 56. तेवढीच रक्कम टीएफएसएमध्ये वर्षाला 80 डॉलर मिळवते. म्हणून टीएफएसएतून 3,200 काढून याच आठवड्यात कार्ड पूर्ण फेडा. या पैशांवर कर नाही, आणि काढलेल्या रकमेइतकी पैसे भरायची जागा (मर्यादा) पुढच्या 1 जानेवारीला परत मिळते. त्याआधी शिल्लक मर्यादा नसताना पैसे परत भरलेत, तर जादा रकमेवर दरमहा 1 टक्का दंड बसतो. ही चूक फार जण करतात. पुढच्या स्टेटमेंटमध्येही थोडं व्याज दिसेल. ते मागच्या स्टेटमेंटपासून पैसे पोहोचेपर्यंतच्या दिवसांचं असतं, तेही लगेच भरून टाका.

आता टीएफएसएमध्ये 5,800 उरतात, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च. त्याला सहलीसाठी हात लावू नका. कार्डाचा हप्ता सुटला की जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून 1,800 डॉलर हातात येतात. सहल तेवढ्यातच बसवायची.

आरआरएसपी तर नकोच. 5,000 पर्यंतच्या रकमेवर ऑन्टॅरिओत 10 टक्के कर जागेवरच कापतात, रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि ती जागा कायमची जाते.

1,800 मध्ये बसण्यासाठी दोन गोष्टी सोडाव्या लागतील. पहिली क्यूबेक सिटी. तिथे तुमचं कोणी नाही. मॉन्ट्रियलपासून जाऊन-येऊन 500 किलोमीटर आणि हॉटेलच्या रात्री वाढतात. मॉन्ट्रियलहूनच परतलात तर अंतर सुमारे 1,250 किलोमीटर, शहरांतलं फिरणं धरून 1,450. शंभर किलोमीटरला साडेसात लिटर आणि लिटरला दीड डॉलर धरला तर पेट्रोल 165 डॉलरच्या आत. दुसरी एसयूव्ही. कोरोला दोघांना पुरते. निघण्याच्या तीन आठवडे आधी ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी, कूलंट आणि टायर तपासून घ्या, 250 डॉलर धरा. तीन आठवडे अशासाठी, की काही निघालंच तर दुरुस्तीला वेळ राहतो. रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत करणाऱ्या सीएए या संघटनेचं प्लस सदस्यत्वही तेव्हाच घ्या. साध्या सदस्यत्वात गाडी ओढून न्यायचं अंतर फार कमी असतं, आणि 401 महामार्गावर गाडी बंद पडली तर ते पुरत नाही. त्याचे 130 धरा. किंग्स्टनच्या दोन रात्री करासह 480, जेवणखाण 400, पार्किंग 80, यजमानांसाठी भेटी 120. एकूण 1,625. उरलेल्या 175 मधून विमा घ्यायचा आहे.

तो विमा कशाला, हा प्रश्न पडेल, कारण आपण कॅनडातच आहोत. पण डॉक्टरांच्या बिलांची प्रांतांमधली परस्पर व्यवस्था क्यूबेकला लागू नाही. मॉन्ट्रियलच्या क्लिनिकमध्ये बहुधा आधी स्वतः पैसे भरावे लागतात, आणि ओहिप (ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा) परतावा ऑन्टॅरिओच्या दराने देतं. मधला फरक तुमचा. अँब्युलन्सचाही खर्च अंगावर येतो. दोघांसाठी प्रवास आरोग्य विमा घ्या, किंवा नोकरीच्या ग्रुप विम्यात तो आहे का ते पाहा.

एसयूव्ही हवीच असेल, तर तुमच्या वाहन विम्यात ओपीसीएफ 27 ही (दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीची) जोड-तरतूद आहे का ते आधी विचारा. असेल तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं वेगळं संरक्षण सहसा लागत नाही.

तारखेचं म्हणाल तर 2026 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा सोमवार 12 ऑक्टोबरला आहे. त्या शनिवार-रविवारी हॉटेलं महाग असतात आणि 401 वर गर्दीही. ते तीन दिवस ऑटवात मित्राकडे काढा आणि किंग्स्टनच्या रात्री मधल्या वारी ठेवा. बुकिंग फुकट रद्द होणारंच करा.