सँपल नेलं तर काय?

प्रश्न : ताई, मी घरीच चकली, चिवडा करून विकते. इन्स्पेक्टर आला आणि माल उचलून नेला तर गुपचूप द्यायचा का हो?

उत्तर : अगं, फुकट नाही न्यायचा! 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अधिकाऱ्याने सँपलची किंमत द्यायची असते, आणि तुझ्यासमोर चार भाग करून सील करायचे, त्यातला एक तू मागितलास तर मान्यताप्राप्त लॅबला जातो, तो मागच, लाजू नकोस. रिपोर्ट 14 दिवसांत. पण आधी FSSAI चं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन कर, घरगुती असलं तरी लागतंच, तो 14 आकडी नंबर पाकिटावर छापायचा. आणि चकल्या वर्तमानपत्रावर निथळत ठेवतेस ना? ते पहिलं बंद, शाई लागते.