विकलांगता पेन्शनची थकबाकी नेमकी कोणत्या तारखेपासून?

माजी सैनिकांच्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. पेन्शनचा हक्क ज्या तारखेला निर्माण होतो आणि पैसे ज्या तारखेपासून हातात पडतात, त्या दोन तारखा एकच आहेत असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. या वेळची निवडक पत्रे त्याच विषयावरची आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : विकलांगता पेन्शन कोणत्या दिवसापासून देय होते? (निवृत्त नायक, अहिल्यानगर)

सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून.

प्रश्न : मी 31 मार्च 2009 रोजी हवालदार म्हणून निवृत्त झालो. रिलीज मेडिकल बोर्डाने (सेवामुक्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने) उच्च रक्तदाबासाठी 30 टक्के विकलांगता लिहिली, पण आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. मी रेकॉर्ड ऑफिसला आजवर अकरा पत्रे पाठवली आहेत. आता सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलो तर 2009 पासूनची थकबाकी मिळेल का? (निवृत्त हवालदार, सातारा जिल्हा)

बहुधा नाही. त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण आपल्यासारखी अकरा-अकरा पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

आपला मूळ दावा कमकुवत नाही. भरतीच्या वेळी आपण तंदुरुस्त असल्याची नोंद असेल आणि आजार सेवेत असताना जडला असेल, तर तो सेवेमुळेच जडला असे सामान्यतः मानले जाते व तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. पेन्शन दरमहा देय असल्याने ती नाकारणे ही दरमहा नव्याने होणारी चूक ठरते. त्यामुळे पंधरा वर्षांनी गेलात तरी केवळ उशिराच्या कारणावरून दावा सहसा फेटाळला जात नाही. इथवरचे सगळे गावच्या पारावर कोणीही सांगतो. पुढचे मात्र कोणी सांगत नाही.

2008 मधील तरसेम सिंग प्रकरणातील जवान 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झाला होता आणि उच्च न्यायालयात गेला तो 1999 मध्ये. एकल न्यायाधीशांनी त्याला पेन्शन दिली, पण थकबाकी याचिकेपूर्वीच्या 38 महिन्यांपुरतीच ठेवली. खंडपीठाने ती पूर्ण काळाची आणि व्याजासह करून दिली. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा आदेश रद्द करून 38 महिन्यांचा आदेश कायम केला आणि उशिरा आलेल्या अशा प्रकरणांत थकबाकी सर्वसाधारणपणे याचिका दाखल केल्याच्या तारखेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी, असे सांगितले. म्हणजे हक्क 1983 पासून मान्य झाला, पण पैसे तेवढ्या काळाचे मिळाले नाहीत.

हा हिशेब आपल्याला लावून पाहू. आपले अखेरचे वेतन 16,000 रुपये होते असे आपण लिहिले आहे. शंभर टक्के विकलांगतेला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 4,800 रुपये होतात. आपले 30 टक्के राउंडिंग ऑफच्या, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याच्या, नियमाने 50 टक्के धरले, तर दरमहा 2,400 रुपये. आपण 10 जून 2024 रोजी अर्ज दाखल केला असता, तर थकबाकी 10 जून 2021 पासून मोजली गेली असती आणि एप्रिल 2009 पासूनचे सुमारे 146 महिने हातचे गेले असते. महागाई सवलत आणि पुढच्या वेतन आयोगांची वाढ बाजूला ठेवली, तरी हे साडेतीन लाख रुपये होतात. त्यानंतर वाट पाहण्यात घालवलेल्या प्रत्येक महिन्याने मागच्या टोकाचा आणखी एक महिना गळत गेला आहे, आणि हे पत्र आपण वाचत असतानाही तो गळतच आहे.

आपल्या अकरा पत्रांनी हे गळणे थांबलेले नाही. कायद्यात तरतूद नसलेली निवेदने कितीही वेळा दिली तरी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच एस. एस. राठोड प्रकरणात सांगितले आहे. तीन वर्षे मागे मोजली जातात ती न्यायाधिकरणातील अर्जाच्या दाखल तारखेपासून. पहिल्या पत्राची किंवा रजिस्टर पोस्टाच्या पावतीची तारीख तिथे सहसा उपयोगी पडत नाही. पेन्शन नाकारल्याचे मूळ पत्र एकदा नीट उलगडून पाहा. सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, हे वाक्य त्यात बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी आणलेल्या पत्रात ते वाक्य नेमके घडीवर आले होते आणि पंधरा वर्षांच्या उघडझापीने त्यातली अक्षरे पुसून गेली होती. त्यांनी ते कधी वाचलेच नव्हते.

ज्यांची निवृत्ती अलीकडची आहे त्यांनी यातून एवढे घ्यावे की नकाराच्या पत्रानंतर सहा महिन्यांत पहिले अपील, त्याच्या निकालानंतर सहा महिन्यांत दुसरे अपील आणि मग सहा महिन्यांच्या मुदतीत न्यायाधिकरण, हा क्रम पाळावा. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर त्या उत्तरासाठी ताटकळण्याचे कायद्याने बंधन नाही. सेवामुक्तीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला, तर थकबाकीतला एक रुपयाही या कारणाने कापला जात नाही.

तीन वर्षांच्या नियमात 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आहे. नकाराचे पत्र आपल्याला मिळालेच नसेल किंवा चूक सर्वस्वी खात्याची असेल, तर अधिक मागणी करण्यास वाव राहतो. आपल्या बाबतीत तो आहे की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रामाणिक वकिलाने सांगू नये. बोर्डाचे कागद जवळ नसतील तर माहिती अधिकारात मागवा. पण ते येईपर्यंत वकिलाची भेट पुढे ढकलू नका.

प्रश्न : एका सल्लागाराने 'सेवामुक्तीपासूनची पूर्ण थकबाकी मिळवून देतो, मिळाल्यावर 25 टक्के द्या' असे सांगून कोरा चेक आणि स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड मागितला आहे. द्यावा का? (निवृत्त नायब सुभेदार, सांगली)

अजिबात देऊ नका, आणि दिला असेल तर आजच पासवर्ड बदला व बँकेत जाऊन चेक थांबवा. तो गृहस्थ वकील असेल, तर निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. तो वकील नसेल, तर न्यायाधिकरणात आपल्या वतीने उभे राहण्याचा त्याला अधिकारच नाही. तारखेची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. विकलांग व्यक्तींना आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे.

प्रश्न : '1996 पासून सर्वांना राउंडिंग ऑफची थकबाकी मंजूर' असा संदेश आमच्या ग्रुपवर फिरतो आहे. खरे काय? (निवृत्त सार्जंट, पुणे)

त्यातले 'सर्वांना' खोटे आहे. पन्नासपेक्षा कमी असेल तर 50, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर 75 आणि त्यावर 100, ही राउंडिंग ऑफची पद्धत 1 जानेवारी 1996 पासून लागू झाली, पण 31 जानेवारी 2001 च्या सरकारी पत्राने ती वैद्यकीय कारणाने मुदतीपूर्वी सेवेबाहेर काढलेल्यांपुरतीच ठेवली होती. सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ती 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने मिळाली. तिच्या थकबाकीच्या तारखेवर स्वतंत्र खटले झाले आहेत. म्हणून वर दिलेला तीन वर्षांचा हिशेब तिला डोळे झाकून लावू नका आणि ग्रुपवरच्या संदेशावर तर मुळीच विसंबू नका. पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश) घेऊन वकिलाला भेटा.

प्रश्न : न्यायाधिकरणाने माझा अर्ज मंजूर केला, पण नव्या पीपीओत पेन्शन सेवामुक्तीपासून न धरता बरीच नंतरची तारीख घातली आहे. (निवृत्त नौसैनिक, मुंबई)

आधी आदेशाचा शेवटचा परिच्छेद शब्दशः वाचा. त्यात 'अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपासून' असे असेल, तर पीपीओ बरोबर आहे आणि आपले भांडण आदेशाशी आहे. आदेशात नजरचूक असेल तर त्याची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयात अपिलाच्या परवानगीसाठी आधी न्यायाधिकरणाकडेच निर्णयापासून 30 दिवसांत जावे लागते. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही शाबूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितले आहे, मात्र आपल्या प्रकरणात तो मार्ग धरावा का, हे वकिलालाच ठरवू द्या. आदेशात 'सेवामुक्तीपासून' असे स्पष्ट लिहिले असूनही पीपीओत तारीख पुढची असेल, तर प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पत्रे लिहीत बसू नका. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी न्यायाधिकरणातच अर्ज करा.

प्रश्न : बोर्डाने विकलांगता दोनच वर्षांसाठी धरली आणि त्यानंतर पेन्शन बंद झाली. आजार मधुमेहाचा आहे. (निवृत्त कॉर्पोरल, नाशिक)

मधुमेह दोन वर्षांनी निवृत्त होत नाही. 7 फेब्रुवारी 2001 च्या सरकारी पत्रानुसार कायमस्वरूपी विकलांगतेचे मूल्यमापन आयुष्यभरासाठी असते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2019 मध्ये मधुमेहाच्याच प्रकरणात ते मान्य केले आहे. दावा करा, पण बंद झालेल्या काळाच्या थकबाकीलाही तीन वर्षांचीच मर्यादा लागू शकते, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : माझे पती विकलांगता पेन्शनसाठी झगडत होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. अर्ज कुठेच दाखल झालेला नाही. आता मला काही मागता येईल का? (वीरपत्नी, कोल्हापूर जिल्हा)

ताई, मागता येईल, पण वेळ फार थोडा आहे. विकलांगता पेन्शन पतीच्या निधनाबरोबर थांबते. त्या दिवसापर्यंतची थकबाकी मात्र वारसांना मागता येते. तीन वर्षांची मर्यादा आपल्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजली गेली, तर आज अर्ज केल्यास जेमतेम एका वर्षाची थकबाकी उरते, आणि आणखी वर्षभराने काहीच उरणार नाही. आपले कुटुंब निवृत्तिवेतन हा वेगळा हक्क आहे आणि त्याला याने बाधा येत नाही. मृत्यू त्याच आजाराने झाला असेल, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचाही विचार करावा लागेल. मृत्यूचा दाखला, पतींचे डिस्चार्ज बुक, बोर्डाचे कागद आणि नकाराचे पत्र एवढे घेऊन या आठवड्यातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एखादा कागद सापडत नसला तरी जा.