पहिल्यांदाच सॉफ्टवेअर ट्यूटोरियल लिहायचे आहे, सुरुवात कुठून करू?

ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांना विंडोज ११ वर मराठी टाइप करायला शिकवायचे आहे आणि ट्यूटोरियल आधी कधी लिहिलेले नाही, असे तुम्ही म्हणता. आधी विषय लहान करा. 'संगणकावर मराठी' कधीच लिहून संपणार नाही. 'नोटपॅडमध्ये इनस्क्रिप्टने दुसऱ्या हा शब्द टाइप करणे' मात्र संपते, आणि काय गाळायचे तेही त्यातून कळते. (इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरलेली कळफलकाची मांडणी, जिच्यात प्रत्येक अक्षराची कळ ठरलेली असते.) वर्ड सध्या नको, तिथे फाँटची भानगड मध्येच उपटते.

मग संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडा आणि पहिल्यापासून एकेक गोष्ट करत, करता करताच लिहा. तुमच्या खात्यात मराठी आधीच बसवलेली असेल, तर सवयीने होणाऱ्या पायऱ्या लिहायच्या राहून जातात. भाषेचा पॅक यंत्रावर आधीच उतरलेला असल्यास नव्या खात्यातही डाउनलोड दिसणार नाही, म्हणून 'इंटरनेट चालू हवे' हे आठवणीने लिहा.

एका पायरीत एकच क्रिया, आणि लगेच पुढे 'आता पडद्यावर काय दिसायला हवे' ते. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज: पडदा इंग्रजी असेल तर ही नावे इंग्रजीतच ठेवा. 'भाषा जोडा' असे लिहिलेत, तर वाचक त्या नावाचे बटण शोधत बसेल.

चुकांचे वेगळे प्रकरण शेवटी देऊ नका. चूक जिथे होते तिथेच सांगा. मराठी निवडल्यावर पुढच्या खिडकीत विंडोजची प्रदर्शन भाषा बदलण्याचा चौकोन असतो. त्यावर खूण राहिली तर पुन्हा साइन इन केल्यावर मेनूच मराठी होतात आणि तुमच्या पुढच्या पायऱ्या जुळत नाहीत. ती खूण काढायला त्याच पायरीत सांगा.

कळफलकही तपासून घ्यायला लावा. विंडोज आणि स्पेस दाबून मराठीवर यायचे आणि 'के'ची कळ दाबायची. थेट क उमटला तर इनस्क्रिप्ट. पर्यायांची यादी आली तर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा कळफलक.

सर्वांत जास्त जागा ऱ्हस्व वेलांटीला द्या. जुन्या टंकयंत्राच्या किंवा जुन्या फाँटच्या सवयीचे लोक वेलांटी आधी दाबतात, कारण ती अक्षराच्या डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, ती व्यंजनानंतर साठवली जाते, म्हणून 'कि'साठी आधी 'के', मग 'एफ'. आधी 'एफ' दाबले तर ठिपक्यांच्या वर्तुळासह सुटी वेलांटी दिसते. त्या वर्तुळाचे चित्र जरूर द्या, कारण घाबरून लोक तिथेच थांबतात. वेलांटी नंतर दाबण्याचे कारण एका ओळीत सांगितले की नियम लक्षात राहतो.

'दुसऱ्या'मध्ये साधा र घेतला तर 'दुसर्या' असा रफार येतो. शिफ्ट आणि 'जे'ने ऱ, 'डी'ने हलन्त, तिरप्या रेघेच्या कळीने य, 'ई'ने काना, असा क्रम कळीगणिक लिहा.

झाल्यावर हे काम न येणाऱ्या एका सहकाऱ्याला कागद द्या आणि शेजारी गप्प बसा. त्यांचा माउस जिथे थबकेल ती पायरी खुणावून ठेवा आणि दोन पायऱ्यांत फोडा. कागदाच्या डोक्यावर विंडोजची आवृत्ती आणि तारीख घाला. विंडोज १० मध्ये मेनूंची मांडणी वेगळी आहे, त्या यंत्रांसाठी वेगळा कागद करा.