कॉन्व्हेंटमध्ये लागले, ओळख कशी करून देऊ?

प्रश्न: ताई नमस्कार. मी कागलजवळच्या गावची, झेडपीच्या शाळेत शिकले, मग मराठी घेऊन बीए आणि बीएड केलं, वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला आहेत. आता कोल्हापुरात एका कॅथलिक शाळेत मराठीची टीचर म्हणून लागलेय. सिस्टर म्हणाल्या पहिल्या पालक मिटींगला पाच मिनिटं बोला, कुठनं आलात आणि इथं काय करायची इच्छा आहे ते, मराठीत बोललात तरी चालेल. मला आत्ताच घाम फुटलाय, इंग्लिश मीडियमच्या पालकांसमोर झेडपीचं सांगू का नको? आणि सकाळी प्रेयर असते तिथं मी काय करायचं? आत्या तर रोज म्हणते, बाटवतील तुला.

उत्तर: अगं, आधी आत्याचं मिटवूया. त्यांना सांग, शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातीची बोर्डिंगं काढली त्यात ख्रिस्ती मुलांचंही होतं, तेव्हा कोण बाटलं नाही तर आता काय बाटतंय. तुझ्या वर्गात बघशील, पाटील, शेख, जाधव, शहा अशीच पोरं जास्त असणार. प्रेयरला सगळ्यांबरोबर हात जोडून शांत उभी राहा, क्रॉसची खूण करायची गरज नाही, आणि पोरांचं म्हणशील तर घटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे की सरकारमान्य शाळेत संमतीशिवाय (मूल लहान असेल तर पालकांच्या) कुणाला धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

पण तिथली थोडी माहिती करून घे बाई. आपल्याकडं मिशन म्हटलं की सगळं एकच वाटतं. कोल्हापुरात १८५२ ला वाइल्डर साहेब आले ते अमेरिकन, प्रोटेस्टंट. तुझी शाळा कॅथलिक, म्हणजे फादर, सिस्टर, मदर मेरी, ८ सप्टेंबरला तिचा वाढदिवस, आणि हो, स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हॅपी गुड फ्रायडे" टाकू नकोस, तो दुःखाचा दिवस असतो, दरवर्षी कोणीतरी गुलाबाच्या फुलासकट टाकतंयच.

आता भाषण. झेडपीचं पहिल्याच वाक्यात सांग, सरळ, मराठीत. तू मराठी शिकवायला आलीयस, त्यात अडखळत इंग्लिश कशाला? पालक काय बघतात माहितीय का, या बाईला आपल्या पोराकडनं चार ओळी नीट लिहून घेता येतील का. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झालीय, म्हणून घरोघरी आया वैतागल्यात, पोरगं बोलतंय फर्डं पण लिहिताना "आणि" तल्या ण चा न करतंय आणि जोडाक्षर आलं की रडतंय. वडिलांचं पण सांग. सीझनला गव्हाणीवर रात्रपाळी करून पोरीला बीएड केलं हे ऐकून कोण नाक मुरडणार नाही, मुरडलं तर मुरडू दे.

"विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास" वगैरे अजिबात नको, ते प्रत्येक नवा शिक्षक म्हणतो आणि तिथनंच पालक मोबाईल काढतात. एकच गोष्ट सांग जी तू खरंच करणार आहेस. उदाहरणार्थ, दर शुक्रवारी पोरांनी घरातल्या आजी-आजोबांना एक प्रश्न विचारून त्यांच्याच बोलीत उत्तर लिहून आणायचं, "लई", "हुतं", "कवाधरनं" सगळं चालेल, लाल पेन चालणार नाही. आणि सिस्टर खूश व्हाव्यात असं काही पाहिजे असेल तर फादर स्टीफन्सचं नाव घे. इंग्रज माणूस, जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातला, गोव्यात येऊन मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली छापलं, तेही रोमन लिपीत. म्हणजे कॅथलिकांचं आणि मराठीचं नातं चारशे वर्षांच्या वरचं आहे, तू काय परक्या घरात चालली नाहीस.

एक तू विचारलं नाहीस पण सांगते. ऑर्डर हातात घेतलीस का? लेखी घे. पगार, पोस्ट अनुदानित का विनाअनुदानित, प्रोबेशन किती, सगळं त्यात पाहिजे. अल्पसंख्याक शाळांना कलम ३० प्रमाणे संस्था चालवायचा हक्क आहे, पण म्हणून नोकरी तोंडी चालते असं नाही, खासगी शाळांच्या नोकरीचा १९७७ चा कायदा त्यांनाही आहेच. सिस्टरांना विचारायला लाजू नकोस, ऑफिसात क्लार्क असतात त्यांच्याकडं नमुना तयार असतो.