मित्राच्या गाडीच्या डिकीत गावठी कट्टा सापडला, मी फक्त मागच्या सीटवर होतो, बचाव काय?

हो, बचाव आहे: शस्त्र तिथे असल्याचं तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे तो 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता. गुणवंतलाल (1972) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 (बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा) साठी शस्त्राची जाणीव आणि त्यावर नियंत्रण, दोन्ही लागतात. गाडीत अनेक जण असतील तर कलम 35 वाचा. ज्याला माहीत होतं असं मानायला कारण आहे, त्यालाच जबाबदार धरता येतं. पण तसं कारण दिसलं की उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून डिकीची चावी कोणाकडे होती, गाडी कोणाच्या नावावर, तुम्ही कुठून बसलात, हे सुरुवातीलाच वकिलाला लिहून द्या.

मग दोषारोपपत्र बारकाईने तपासा:
- कलम 39 ची पूर्वमंजुरी, म्हणजे खटला भरण्याआधी घ्यायची परवानगी. ती जिल्हादंडाधिकाऱ्यांची, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांची लागते. खटला इथे बऱ्याचदा अडतो.
- कट्टा जागेवरच सील झाला का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, आणि प्रयोगशाळेत पोहोचलेलं सील तेच होतं का.
- तो चालू स्थितीत असल्याचा बॅलिस्टिक (शस्त्रतपासणीचा) अहवाल.
- झडतीचं चित्रीकरण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 105 नुसार ते व्हायलाच हवं.

मात्र कट्टा तुमच्या कमरेला किंवा तुमच्याच बॅगेत मिळाला असेल, तर 'माहीत नव्हतं' हे पटवणं फार अवघड. तिथे मंजुरी आणि सील यांवरच भर द्यावा लागतो.