ओल्या जमिनीला आग कशी लागते?

प्रश्न : मुलाकडे कॅनडातील सरे येथे मुक्कामाला असताना शेजारच्या डेल्टा शहरातील ‘बर्न्स बॉग’ ही दलदल पाहिली. चहूबाजूंनी महामार्ग, वस्ती आणि शेती, आणि मधोमध ही एवढी ओसाड जागा! २०१६ साली तिथे आग लागली होती, असे सूनबाईंनी सांगितले. पाण्याने भिजलेली जमीन पेटते कशी? आणि ती राखून ठेवण्यात फायदा तो काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या जागेला ओसाड म्हणणे अन्यायाचे होईल. तेथील स्फॅग्नम शेवाळाचा मूठभर पुंजका पिळला, तर पाण्याची धार लागते. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 पट पाणी धरून ठेवते. त्या आम्लधर्मी पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, थरावर थर साचत जातात आणि वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर या गतीने पीट तयार होते. जगाच्या भूभागापैकी केवळ 3 टक्के जागा व्यापणाऱ्या पीटभूमीत सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. आपल्या कासच्या पठारावरील दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची भावंडेही बर्न्स बॉगमध्ये वाढतात.

आता आगीविषयी. ही दलदल नदीच्या नव्हे, पावसाच्या पाण्यावर जगते. पीट काढण्यासाठी आणि शेतीसाठी तिच्यात चर खणले गेले, त्यांतून पाणी वाहून गेले, आणि उन्हाळ्यात वरचा थर वाळू लागला. वाळलेले पीट म्हणजे सरपणच. आयर्लंडमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जाळले गेले. आग एकदा थरात शिरली की वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, त्यामुळे 2005 आणि 2016 या दोन्ही वर्षी ती आटोक्यात आणणे जिकिरीचे ठरले.

2004 मध्ये केंद्र, प्रांत व स्थानिक सरकारांनी मिळून सुमारे 2,000 हेक्टर जागा विकत घेतली. हे फार मोलाचे काम झाले. पण सातबारा नावावर झाला म्हणून चरांतून वाहणारे पाणी थांबत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तोच आहे. पाण्याची पातळी उतरली की पाइनची झाडे घुसतात, सावली धरतात आणि उरलेली ओलही शोषून घेतात. म्हणूनच तेथे जुन्या चरांवर शेकडो लहान बांध घालून पाणी अडवले जात आहे.

पुन्हा गेलात तर लाकडी फळ्यांची वाट सोडून शेवाळावर पाऊल ठेवू नका. तो खड्डा भरून यायला वर्षे लागतात.