लांब केस मागे बांधतो. बाजूचे केस उतरते कसे कापावेत आणि किती दिवसांनी?

आधी केस रोज बांधता तसेच, पण कोरडे असताना बांधा. भुवईच्या टोकापासून मागे आडवा भांग पाडा आणि त्याच्या वरच्या केसांना मशीन लावू नका. रेघ वर सरकली की बुचडा विरळ दिसतो आणि ते केस परत बांधण्याइतके वाढायला वर्ष सहज जातं.

भांगाखाली ४ नंबरचा गार्ड (मशीनच्या पात्यावर बसवायचा कंगवा; हा केस साधारण १३ मिमी ठेवतो), मध्ये ३, कानाजवळ २. प्रत्येक फटक्याच्या शेवटी मशीन डोक्यापासून बाहेर काढत न्या, नाहीतर पायरी पडते. कानामागच्या खळग्यात फक्त गार्डचा कोपरा टेकवा.

केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी हात फिरवा. मानेमागचं मात्र दुसऱ्याकडूनच करून घ्या.